कोणता सिलिंडर गप्प आहे?

आमच्या खापरखेड्यात पावसाळ्यातली सकाळ दमट असते आणि तिला राखेचा वास असतो. औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी एका बाजूला, कोळशाच्या ट्रकांची रांग दुसऱ्या बाजूला. घराच्या खिडकीवर बोट फिरवले तर बोटाला राखाडी रंग लागतो. अशा गावात आमच्या शाळेतील एका सहकारी शिक्षकांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. ही गोष्ट गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. गाडी दुपारी उत्तम चाले. सकाळी मात्र सुरू होताच लंगडू लागे, थरथरे, चढावर झटके खाई. मिस्त्री लोक याला ‘मिसिंग मारते’ म्हणतात. नागपुरातील एका गॅरेजने प्लग बदलले, मग कार्बोरेटर उघडला, मग पेट्रोलचा पंप बदलला. प्रत्येक वेळी गाडी तिथे दुपारी पोचत असे आणि ठणठणीत चालत असे! दोन महिन्यांचा पगार गेला. आजार गेला नाही.

शेवटी गावातल्याच एका वयस्क मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी हत्यार उचलले नाही. एवढेच म्हणाले, “सर, गाडी अंधार पडल्यावर आणजा. उजेडात हा आजार दिसत नाही ना.” रात्री बॉनेट उघडून इंजिन सुरू केले, ओल्या फडक्याची वाफ डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर धरली आणि दिवा बंद केला. काळ्या टोपीवर निळसर, केसासारख्या बारीक ठिणग्या इकडून तिकडे सरपटत होत्या. टोपीला एक सूक्ष्म चीर होती. चिरेत राख आणि काजळी बसली होती आणि सकाळच्या दवाने ती ओली झाली की विजेला प्लगपर्यंत जाण्याऐवजी हा जवळचा रस्ता सापडत होता. इंजिन तापले की ओल वाळे आणि आजार पळून जाई.

दुसऱ्या दिवशी हा प्रकार वर्गात सांगितला तेव्हा एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील वीज केंद्रात नोकरीला. उच्चदाब तारांच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर धूळ बसली आणि धुके पडले की तिथेही असेच होते, म्हणून ते धुवावे लागतात, असे तो म्हणाला. अगदी बरोबर. कोरडी धूळ विजेला फारशी वाट देत नाही. ओली धूळ देते. टोपीवरची निळी रेघ आणि मनोऱ्यावरचा भडका ही एकाच भौतिकीची लहानमोठी रूपे आहेत.

त्या मिस्त्रींची पद्धत कुठून आली, याचा शोध घेताना एक लांबलचक इतिहास हाती लागला. तो इंजिन बनवणाऱ्यांचा कमी आणि बिघडलेल्या इंजिनापुढे उभ्या राहिलेल्यांचा जास्त आहे.

त्याची सुरुवात करण्याचा मान बहुधा एका गृहिणीला द्यावा लागेल. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ यांनी पती कार्ल बेंझ यांना न सांगता त्यांची तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, प्रवास केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली; ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले. तिथे त्यांनी मोज्याचा पट्टा गुंडाळला. या दोन दुरुस्त्यांकडे जरा थांबून पाहावे. पहिला दोष इंधनाचा, दुसरा विजेचा. पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा व इंधन, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. मिसिंगचे कारण शोधणारा मनुष्य आजही या तीन खोल्यांतूनच फिरतो. बर्थाबाईंनी पहिल्याच प्रवासात त्यांतील दोन पाहिल्या.

त्यांच्या गाडीला सिलिंडर एकच होता. त्यामुळे ‘कोणता सिलिंडर?’ हा प्रश्नच नव्हता. तो गप्प झाला की गाडी उभी. सिलिंडर चार झाले तेव्हा नवा पेच निर्माण झाला. एक गप्प बसला तरी उरलेले तीन गाडी ओढत राहतात. दोष आहे, पण तो लपलेला आहे.

पद्मिनीचे इंजिन या दृष्टीने शिकण्यासारखे होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून फियाट ११०० डी ही मोटार बांधायला घेतली. तिचेच नाव पुढे पद्मिनी झाले. लोक मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. ठिणगी देण्याची रचना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी रूढ केली तीच: बॅटरी, कॉइल, उघडझाप करणारे ‘पॉइंट’ आणि चौघांना पाळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर. पाळी ठरलेली: १-३-४-२. इंजिनाचे ३००० फेरे होत असतील तर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उघडतात. ते झिजणारच. मग त्यांच्यातले अंतर बदलते, ठिणगीची वेळ चुकते, आणि मिस्त्रीला दर काही हजार किलोमीटरांनी काम मिळते. प्लगच्या टोकांतले अंतर पाहायला साधे हॅकसॉ ब्लेड वापरले जाई, कारण त्याची जाडी आणि प्लगला हवे असलेले अंतर दोन्ही ०.६ मिलिमीटरच्या आसपास.

आता निदान. मिस्त्री इंजिन अगदी हळू चालू ठेवतो आणि एकेका प्लगची वायर काढतो. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडते. आजारी सिलिंडरची काढली की काहीच फरक पडत नाही. तो आधीच गप्प होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व तशीच ठेवायची, हे आपण प्रयोगशाळेत मुलांना ज्या कष्टाने शिकवतो ते इथे रस्त्याच्या कडेला रोज घडते. (ठिणगीचा दाब दहा-वीस हजार व्होल्ट असतो, मुलांनी हे करून पाहू नये आणि आधुनिक गाडीवर तर कुणीच करू नये. कारण पुढे येईल.)

यातून मिळणारे उत्तर पहिल्या दोन प्रश्नांची छाननी करून टाकते. एकच सिलिंडर गप्प असेल तर कारण त्याच्या एकट्याच्या मालकीचे असणार: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याची झडप, टोपीतला त्याचा कोपरा. शेजारचे दोन एकदम दुबळे असतील तर त्यांच्यामधील गॅसकेट फुटल्याचा संशय घ्यावा. चौघेही आळीपाळीने चुकत असतील तर जे सामाईक आहे तिकडे वळावे: कार्बोरेटर, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट. आमच्या सहकाऱ्यांच्या गाडीत नागपूरच्या गॅरेजने सामाईक गोष्टी बदलल्या होत्या. पण त्याआधी किती सिलिंडर चुकतात हे कुणी पाहिलेच नव्हते. आणि चूक फक्त सकाळीच का, हा सर्वांत मोठा पुरावा कुणी हिशेबात घेतला नव्हता.

मग प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. खापरखेड्यात एअर फिल्टर राखेने बुजला की हेच दिसते. काळा आणि तेलकट असेल तर दट्ट्याच्या रिंगांजवळून तेल वर येत आहे. पांढराफटक असेल तर मिश्रणात इंधन कमी आणि उष्णता फार.

मिस्त्री इंजिनावर तळहात ठेवतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो काय मोजतो? हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर चार-धावी इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला सुमारे ६.७ वेळा. चौघे मिळून सेकंदाला सुमारे २७ स्फोट. एवढ्या वारंवारतेचे धक्के एकमेकांत मिसळून सलग घरघर वाटतात. एक सिलिंडर गप्प झाला की त्या घरघरीत सेकंदाला ६.७ खड्डे पडतात, आणि हे खड्डे हाताला सुटे सुटे कळतात. आता ३००० फेऱ्यांवर पाहा: स्फोट सेकंदाला १००, खड्डे २५. तेही मिसळून जातात. म्हणूनच अनुभवी मिस्त्री रेस न देता, अगदी हळू चालणाऱ्या इंजिनावरच मिसिंग शोधतो.

३००० या आकड्याशी आमच्या गावाचे नाते जुने आहे. येथील विद्युत केंद्रातला २१० मेगावॉटचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. ५०० मेगावॉटचा संच २०११ मध्ये आला. ५० हर्ट्झची वीज निर्माण करायची म्हणून अशा संचांची टर्बाइने मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. टर्बाइनवर हात ठेवून चालत नाही. बेअरिंगांवर कंपने मोजणारी साधने बसवलेली असतात. पण प्रश्न तोच: कंपनाची वारंवारता किती? फेऱ्यागणिक एक कंपन वाढले असेल तर फिरणाऱ्या भागाचा तोल गेला असण्याचा संशय येतो. फेऱ्यागणिक दोन वाढली असतील तर जोडलेले दोन दांडे एका रेषेत नसावेत. मोटारीच्या इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदा येणारा धक्का म्हणजे एखादा सिलिंडर. वारंवारतेने गुन्हेगार ओळखायचा ही एकच युक्ती, मग यंत्र केवढेही असो. भौतिकीच्या तासाला ‘वारंवारता’ शिकवताना ट्युनिंग फोर्कबरोबर हे उदाहरणही द्यायला हरकत नाही.

एका गोष्टीचा मात्र इथे जरा विस्ताराने विचार करायला हवा, कारण चुकलेल्या उपायाची किंमत केवढी असू शकते ते तिच्यात दिसते. इंजिन खडबडीत चालण्याचा दुसरा प्रकार म्हणजे ठोके पडणे, ‘नॉकिंग’. चढावर, ओझे असताना, धातूवर हातोडी मारल्यासारखा टणटण आवाज येतो. केटरिंगची बॅटरीवरची ठिणगी नवी होती तेव्हा या ठोक्यांचा दोष तिच्याच माथी मारला गेला. ठिणगी वेळेआधी पडते, असा आरोप. केटरिंग यांनी १९१६ मध्ये टॉमस मिजली या तरुण अभियंत्याला हे काम दिले. मिजली यांनी सिलिंडरमधला दाब क्षणोक्षणी कसा बदलतो याचे प्रकाशचित्र घेण्याची सोय केली. उत्तर स्पष्ट निघाले: दाबाची ती हिंसक उसळी ठिणगीच्या आधी येत नव्हती, नंतर येत होती. ठिणगी निर्दोष होती. ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेले, दबलेले आणि तापलेले मिश्रण आपोआप एकदम पेटत होते. दोष इंधनाच्या गुणधर्मात होता.

येथवर निदान अगदी उत्तम. पुढचा प्रसंग तर वर्गात सांगण्याजोगा आहे. बर्फाखालीही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. लाल रंग उष्णता शोषून घेत असेल, तर इंधन लाल केल्यास ते लवकर वाफ होऊन ठोके थांबतील, अशी कल्पना निघाली. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन टाकले. ठोके थांबले! मग खरे लाल रंग आणून टाकले, तर काहीच झाले नाही. आयोडीनचेच एक रंगहीन संयुग टाकले, तर पुन्हा थांबले. लाल रंगाचा काही संबंध नव्हता. कल्पना चुकीची, पण ताडून पाहण्याची पद्धत बरोबर, म्हणून चूक लगेच उघडकीस आली.

आयोडीन महाग होते. अनेक पदार्थ तपासून ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली टेट्राएथिल लेडपर्यंत पोचले. लिटरमागे एक मिलिलिटरपेक्षाही कमी शिसे-संयुग पुरे होई. ठोके कमी करण्याचा गुण अल्कोहोलमध्येही आहे, हे त्याच मंडळींना ठाऊक होते. पण ते बरेच जास्त लागते आणि त्याच्यावर कुणाची मक्तेदारी राहू शकत नव्हती. फेब्रुवारी १९२३ मध्ये शिशाचे पेट्रोल विक्रीला आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात या द्रव्यावर काम करणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मरण पावले. तरी विक्री काही काळ थांबून पुन्हा सुरू झाली आणि पन्नास-साठ वर्षे जगभरच्या रस्त्यांवर शिसे हवेत जात राहिले. गंमत अशी, की शिशाचे क्षार प्लगवर साचून ठिणगी गळू लागे. ठोक्यांवरचा उपाय स्वतःच मिसिंग निर्माण करी. ते साचू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे संयुग मिसळावे लागले. सिलिंडर स्वच्छ राहिला. शिसे बाहेर हवेत गेले.

शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, हे आज मान्य आहे. माझ्या मते मिजली यांचे निदान विज्ञानातले एक सुंदर उदाहरण आहे आणि त्यांचा उपाय एक भयंकर उदाहरण. त्यांनी इंजिनाचे दुखणे पाहिले. इंजिनाबाहेर कोण उभे आहे ते पाहिले नाही. आपल्याकडे चार महानगरांत १९९५ पासून नव्या मोटारींना उत्प्रेरक असलेली धूरशोधक नळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसवण्यात आली. शिशाने हा उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे हे पेट्रोल २०२१ मध्ये बंद झाले. आणि ज्या अल्कोहोलकडे तेव्हा पाठ फिरवली ते आता इथेनॉल म्हणून सुमारे २० टक्क्यांपर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये आले आहे, त्यातले काही उसाच्या मळीतून आणि रसातून. अर्थात जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला त्याचाही त्रास होतो: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्याने मिश्रण पातळ पडते, आणि ते पाणी ओढून घेते. जुन्या मिस्त्रींना जेट पुन्हा बदलावे लागतात.

उत्प्रेरकाच्या नळीने निदानाचा इतिहासही वळवला. गप्प सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल त्या नळीत जाऊन पेटते आणि नळी तापून निकामी होते. म्हणजे मिसिंग ही आता केवळ मालकाची डोकेदुखी राहिली नाही, सार्वजनिक हवेचा प्रश्न झाली. (प्लगची वायर काढून पाहण्याची जुनी रीत नव्या गाडीवर का वापरू नये, याचे हे एक कारण.) अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत स्वतःची तपासणी स्वतः करणारी संगणकीय यंत्रणा सक्तीची झाली, भारतात तिचे टप्पे २०१० आणि २०१३ मध्ये आले. ही यंत्रणा मिसिंग ओळखते तरी कशी? भुजादंडावर, म्हणजे क्रँकवर, एक दातेरी चाक असते. साधारणतः ६० दात्यांच्या जागेपैकी दोन मोकळ्या ठेवून ५८ दाते. ८०० फेऱ्यांवर एक दाता १.२५ मिलिसेकंदात पुढे सरकतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट. तो झाला नाही तर तो अर्धा फेरा किंचित जास्त वेळ घेतो. संगणक तो विलंब मोजतो आणि पाळी माहीत असल्याने सिलिंडरचा क्रमांकही सांगतो. तळहात जे करत होता तेच हे काम, फक्त ३००० फेऱ्यांवरही न चुकता. एक अडचण मात्र उरते. रस्ता खराब असेल तर चाकांचे धक्केही क्रँकपर्यंत पोचतात आणि संगणकाला मिसिंगचा भास होऊ शकतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत खराब रस्ता ओळखण्याची वेगळी सोय करावी लागली. आमच्या कोळसा वाहतुकीच्या रस्त्यावर तिची चांगली परीक्षा होते.

कुर्ल्याच्या गाडीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. पॉइंट घासणाऱ्या, टायमिंग कानाने लावणाऱ्या कितीतरी हातांचे रोजचे काम त्याआधीच संपले होते.

आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात आता त्यांचा मुलगा बसतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे. अलीकडे एक थरथरणारी गाडी आली तेव्हा मी तिथेच होतो. स्कॅनरने ‘पी ०३०३’ हा कोड दाखवला, म्हणजे तिसरा सिलिंडर. गाडीमालक लगेच नवा प्लग, नवी कॉइल आणि इंजेक्टर घेऊन यायला निघाले. मुलाने त्यांना थांबवले. “काका, तिसरा गप्प आहे एवढंच ह्यानं सांगितलं. का गप्प आहे ते नाही सांगितलं ना.” या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते. त्याने तिसऱ्यावरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर, बाकी कशालाही हात लावला नाही. जुना कोड पुसला, इंजिन सुरू केले आणि पाच मिनिटे वाट पाहिली. पडद्यावर नवा कोड आला: पी ०३०२.